दर थंडीत सक्युलंट सडतात, अग्लोनिमा काळवंडतो: आधी कुंडी उचलून बघा

डिसेंबर अर्धा सरला की पुण्या-नाशकाकडच्या गच्च्यांवर आणि गॅलऱ्यांमध्ये ठरावीक तक्रारी सुरू होतात. इचेव्हेरियाची खालची पानं पिवळट, पारदर्शक होतात आणि बोट लागताच गळून पडतात. जेड सुरकुततं. अडेनियम बघता बघता सगळी पानं टाकून मोकळं होतं. लाल अग्लोनिमाच्या पानांवर तेलकट, काळपट डाग उमटतात. पावसाळा निभावून नेलेली, दिवाळीपर्यंत टवटवीत असलेली झाडं अशी एकामागून एक बसायला लागली की दोष थंडीला दिला जातो. थंडी काही आपल्या हातात नाही, म्हणून दर वर्षी दोन-चार कुंड्या रिकाम्या व्हायच्याच असं धरून चाललं जातं, आणि फेब्रुवारीत नर्सरीतून पुन्हा तीच झाडं घरी येतात.

हे टाळता येतं. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी पडणारी थंडी सक्युलंट (म्हणजे इचेव्हेरिया, जेड, अडेनियमसारखी पानांत किंवा खोडात पाणी साठवणारी झाडं) मारण्याइतकी कडक नसतेच. खाली ओली माती आणि वर गार रात्र, ही जोडी झाड मारते. त्यातली रात्र आपल्या हातात नाही, माती मात्र पूर्णपणे आहे. सक्युलंट आणि पानांसाठी लावलेली झाडं शेजारी शेजारी ठेवून, एकाच झारीने, एकाच दिवशी, सारखंच पाणी देत राहिलं की या ना त्या कुंडीचा बळी जातोच. कारण आपल्या हिवाळ्यात या दोन गटांचं अगदी उलट चालू असतं.

आपली थंडी आणि बाहेरचा सल्ला

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं तापमान साधारण १० ते १२ अंशांच्या आसपास असतं, थंडीची लाट आली तर ७-८ पर्यंत उतरतं. पण त्याच दिवशी दुपारी पारा २८-३० अंशांवर असतो, आकाश निरभ्र असतं आणि हवा कोरडी. मुंबई-ठाण्यात पहाटही बरीच उबदार असते, गोव्यात त्याहून जास्त. निफाडच्या पट्ट्यात मात्र पारा ५ अंशांच्याही खाली गेल्याच्या नोंदी आहेत आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या आपण हिवाळ्यात वाचतोच. या दोन ठिकाणच्या वाचकांनी खालचा सल्ला थोडा जास्त सावध राहून वाचावा.

सक्युलंटबद्दल इंटरनेटवर जे मिळतं ते बरंचसं युरोप-अमेरिकेतलं असतं. तिथे हिवाळ्यात पाणी गोठतं, दिवस लहान आणि अंधारलेले असतात, झाडं घरात आणावी लागतात. म्हणून तिथला सल्ला असतो की झाड आत घ्या आणि पाणी जवळजवळ बंद करा. तो तिथे बरोबर आहे. आपण तो जसाच्या तसा उचलला, तर ज्या महिन्यांत इचेव्हेरियाला उत्तम ऊन आणि गार रात्री मिळतात, नेमक्या त्याच महिन्यांत आपण तिला दिवाणखान्यातल्या टीपॉयवर नेऊन ठेवतो. दोन-तीन आठवड्यांत तिचा गुच्छ सैल होतो, खोड लांबतं, पानं फिकी पडतात. हे झाड आजारी नसतं, त्याला ऊन हवं असतं. पुण्याच्या थंडीत सक्युलंटची जागा बाहेरच आहे.

त्यामागचं कारण झाडाच्या श्वासात आहे. बहुतेक सक्युलंट दिवसा पानांवरची रंध्रं, म्हणजे श्वास घ्यायची सूक्ष्म छिद्रं, मिटून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड ते आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा उजेडात वापरतात. आपल्याकडे पानफुटी घरोघरी असते, तिच्यातही हेच घडतं. बेंजामिन हाइन या भारतात काम केलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१५ मध्येच नोंदवून ठेवलं होतं की या झाडाची पानं पहाटे आंबट लागतात, दुपारी बेचव आणि संध्याकाळकडे किंचित कडवट. (चाखून बघू नका. पानफुटी आणि तिच्या जवळच्या कलांचोंमध्ये विषारी द्रव्यं असतात.) अशा झाडाला गार रात्र आणि लख्ख दिवस मानवतो. शिवाय गार रात्री उघडलेल्या रंध्रांतून पाणीही फार कमी उडतं. मे महिन्यात दोन दिवसांत कोरडी होणारी कुंडी डिसेंबरात आठवडाभर ओली राहते, ती यामुळे आणि ऊन कमी तापतं म्हणून. आपला पाणी देण्याचा दिवस मात्र बदललेला नसतो.

सुरकुतलेलं पान: तहान की सड?

इथे सगळ्यात जास्त झाडं जातात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

सक्युलंटचं पान सुरकुतलं की पहिला विचार तहानेचा येतो आणि हात झारीकडे जातो. पण मुळं सडलेल्या झाडाचं पानही सुरकुततंच, कारण पाणी ओढायला मुळंच उरलेली नसतात. बाहेरून दोन्ही झाडं सारखी दिसतात. एकाला पाणी दिलं तर ते दोन दिवसांत फुगतं, दुसऱ्याला दिलं तर ते आठवड्यात मरतं. म्हणून पानावरून निर्णय घेऊ नका. कुंडी उचला.

कुंडी हलकी आणि पान सुरकुतलेलं: झाड तहानलेलं आहे. भर दुपार टाळून, सकाळी दहा-अकराच्या सुमाराला, तळातून पाणी बाहेर येईपर्यंत भरपूर द्या. ताटलीत साचलेलं पाणी लगेच ओतून टाका. घोट-घोट पाणी रोज देणं वाईट, त्याने वरचा इंचभर थर कायम ओला राहतो आणि खालची मुळं कोरडीच राहतात.

कुंडी जड आणि पान सुरकुतलेलं: मुळं गेली आहेत किंवा जायच्या मार्गावर आहेत. पाणी बिलकुल देऊ नका. झाड आजच बाहेर काढायचं आहे.

कुंडी जड, पानं पिवळट, पारदर्शक, दाबली की पाणी सुटतं: जास्त पाण्याची ही सुरुवात आहे. खोड अजून टणक असेल तर झाड वाचतं. गळू पाहणारी पानं काढून टाका, कुंडी उन्हात आणि वाऱ्यात ठेवा, खाली दिलेल्या काडीच्या परीक्षेत तळ कोरडा ठरेपर्यंत पाणी बंद.

कुंडी हलकी, सर्वांत खालची दोन-चार पानं कागदासारखी वाळलेली, वरचा गुच्छ घट्ट: काहीही झालेलं नाही. म्हातारी पानं अशीच जातात. ती काढून टाकणं मात्र आवश्यक, कारण त्यांच्या आडोशाला पिठ्या ढेकूण ही कीड घर करते.

कुंडी मोठी असेल, उचलता येत नसेल, तर खराट्याची काडी घ्या. कडेने, मुळं दुखावणार नाहीत अशी, तळापर्यंत घाला आणि पाच मिनिटांनी काढा. काडीला माती चिकटून आली किंवा गालाला लावल्यावर गार ओल जाणवली, तर अजून थांबा. वरची माती कोरडी दिसते म्हणून फसू नका. थंडीच्या वाऱ्याने वरचा थर लवकर वाळतो आणि तळ चिखल असतो.

झाड बाहेर काढल्यावर

माती झटकून मुळं पाहा. निरोगी मूळ पांढरं किंवा फिकट पिवळसर असतं आणि ओढलं तरी तुटत नाही. सडलेलं मूळ तपकिरी-काळं असतं, त्याची साल हातात येते आणि आत नुसता दोरा राहतो. मुळंच सडली असतील तर ती कापा. खोडही काळं पडलं असेल तर स्वच्छ ब्लेडने, दर कापाआधी पातं स्पिरिटने पुसून, वर वर काप घेत जा. कापाच्या तोंडावर तपकिरी ठिपका किंवा कडं दिसतंय तोवर थांबू नका. अगदी शेंडा उरला तरी चालेल, पण तो पूर्ण स्वच्छ हिरवा हवा. थोडी तपकिरी रेघ राहू दिली की सड आठवड्याने वर येते.

कापलेला शेंडा लगेच लावू नका. सावलीत, हवेशीर जागी कागदावर ठेवा. उन्हाळ्यात तीन दिवसांत खपली धरते, थंडीत आठवडाही लागतो. बुरशीनाशकाची पूड असेल तर लावा, नसेल तरी कोरडी खपली हेच खरं औषध आहे. मग कोरड्या मिश्रणावर नुसता टेकवा आणि बारीक मुळं दिसेपर्यंत पाणी देऊ नका. इचेव्हेरिया, सेडम, घोस्ट प्लांट यांची गळालेली पण टणक पानंही अशीच मातीवर पसरून ठेवा, आपल्या थंडीत त्यांना पिलं फार छान फुटतात. पारदर्शक झालेलं पान मात्र फुटत नाही, ते टाकून द्या.

कोकोपीट आणि काळी माती

दर वर्षी तेच झाड त्याच कुंडीत सडत असेल तर पाण्याच्या वेळापत्रकापेक्षा मिश्रणात दोष आहे. नर्सरीतून आलेली सक्युलंट बहुतेक वेळा नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, असतात. नर्सरीच्या शेडमध्ये, वर पाऊस नाही आणि पाणी मोजून, तिथे ते चालतं. आपल्या गॅलरीत तोच कोकोपीटचा गोळा थंडीत दिवसचे दिवस ओला राहतो, आणि पूर्ण वाळला तर आक्रसून कुंडीची कड सोडतो, मग वरून घातलेलं पाणी कडेकडेने खाली निघून जातं आणि गोळा आतून कोरडाच राहतो. मुळांच्या बुडाशी रोपवाटिकेतली जाळीची छोटी पिशवी किंवा घट्ट गोळा राहिलेला असतो, तोही काढा.

विदर्भ-मराठवाड्यातली किंवा देशावरची काळी माती कुंडीत नको. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगा पडतात. मी एक भाग पोयटा किंवा लाल माती, एक भाग चाळलेलं गांडूळ खत आणि तीन भाग भरड माल घेते. भरड माल म्हणजे चाळून धूळ काढलेली क्रश सँड, विटांचे बारीक तुकडे, परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके खडे), यातलं जे मिळेल ते. बांधकामाची बारीक वाळू टाळा, ती मातीत बसून कुंडी आणखी घट्ट करते. पकडून पाहा: मिश्रण ओलं करून मुठीत दाबलं आणि मूठ उघडताच ते मोकळं झालं, तर जमलं.

कुंडी मातीची असेल तर बाजूनेही ओल उडते, थंडीत हा मोठा फायदा आहे. चिनी मातीच्या देखण्या पण भोक नसलेल्या वाट्यांमध्ये लावलेली सक्युलंट एक हिवाळा काढतील, दुसरा काढणं कठीण. भेट मिळालेल्या अशा वाटीला तळाशी ड्रिलने भोक पाडून घ्या, फरशीवाले कारागीर हे करून देतात.

मिश्रण बदलायला आपल्याकडे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर ही सर्वांत चांगली वेळ. पाऊस गेलेला असतो आणि बरीचशी सक्युलंट वाढीला लागणार असतात.

कोण जागं, कोण झोपलेलं

इचेव्हेरिया, घोस्ट प्लांट, सेडम, क्रासुला, हवर्थिया, गॅस्टेरिया, एओनियम, कलांचो ही मंडळी आपल्या उन्हाळ्यात थिजून बसतात आणि पावसाळ्यात जीव मुठीत धरून असतात. त्यांचा बहराचा काळ हाच. यांना पूर्ण उपाशी ठेवायचं नाही: कुंडी तळापर्यंत वाळली की भरपूर पाणी, मग पुन्हा वाळेपर्यंत काहीही नाही. १९:१९:१९ सारखं (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा, पुरेसं होतं.

अडेनियमचं उलट. ते मुळात अरबस्तान आणि पूर्व आफ्रिकेच्या उष्ण भागातलं. पारा १२-१३ अंशांवर आला की पानं टाकतं आणि झोपतं. अंगणातला चाफा थंडीत निष्पर्ण होतो तेव्हा कुणी घाबरत नाही, अडेनियमला मात्र पानं गळताना पाहून लोक पाणी वाढवतात. पानं नाहीत म्हणजे पाणी उडवायला कुणी नाही. ते सगळं त्या फुगीर बुंध्यात आणि मुळांत थांबतं आणि बुंधा आतून सडतो. बुंधा अंगठ्याने दाबा. टणक असेल तर काळजी नाही, पाणी बंद ठेवा, फार तर महिन्यातून एकदा कपभर. किंचित मऊ पण सगळीकडून सारखा असेल, तर झाड साठवलेलं पाणी वापरतंय, तेही ठीक. एकाच जागी भसकन अंगठा रुतला आणि साल ओली असेल, तर सड सुरू झाली आहे. लगेच बाहेर काढा, सडका भाग चमच्याने आणि ब्लेडने कोरून स्वच्छ करा आणि झाड दोन आठवडे उलटं टांगून वाळवा. मुंबईत किंवा कोकणात अडेनियम थंडीतही हिरवं राहतं, तिथे पाणी कमी करा, बंद करू नका.

चिनी गुलाब, ज्याला ऑफिस टाइम म्हणतात, तो थंडीत विरळ होतो आणि काड्या उरतात. त्याला वाचवायची धडपड नको, चार काड्या उबदार कोपऱ्यात कोरड्यावर ठेवा, मार्चमध्ये पुन्हा खोचा.

लाल-पिवळ्या टोपीचा कलमी कॅक्टस बऱ्याच घरांत असतो. त्याची टोपी वेगळ्या जातीची आणि खालचं तिधारी हिरवं खोड ड्रॅगन फ्रूटच्या जातकुळीतलं. ते खोड उष्ण कटिबंधातलं असल्यामुळे थंडीत आधी तेच काळं पडतं. गच्चीवरून तो आत, खिडकीशी घ्या आणि कोरडा ठेवा. बाकीचे कॅक्टस बाहेर, कोरडे, उन्हात. गार आणि कोरडी विश्रांती मिळाली तर मॅमिलेरियासारख्यांना उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलं येतात.

लाल झालं म्हणजे बिघडलं असं नाही

थंडीत जेडच्या पानांच्या कडा लाल होतात, जेलीबीन सेडम लालभडक होतं, इचेव्हेरियाच्या टोकांना गुलाबी छटा येते. लख्ख ऊन आणि गार रात्र यांनी पानात लाल रंगद्रव्य वाढतं. पान टणक आहे तोवर हा रंग डोळे भरून बघा, काही करू नका. सावलीत हलवलं की तो दोन आठवड्यांत उतरतो.

मात्र लालसर-तपकिरी, खडबडीत, एकाच बाजूला पडलेला डाग वेगळा. तो उन्हाचा चटका. इथे आपल्या गॅलरीची दिशा महत्त्वाची ठरते आणि थंडीच्या नावावर जाणारी बरीचशी झाडं प्रत्यक्षात उन्हाने भाजलेली असतात. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेला असतो. २२ डिसेंबरला तोच दुपारी दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून फक्त ४८ अंश वर येतो. म्हणजे पावसाळाभर सावलीत असलेल्या दक्षिणेच्या गॅलरीत नोव्हेंबरपासून ऊन आत, पार भिंतीपर्यंत शिरतं. सावलीला सरावलेल्या हवर्थियाला, अग्लोनिमाला, कॅलाथियाला ते अचानक चार-पाच तास मिळतं. उत्तरेच्या गॅलरीत उलट: तिथे थेट ऊन संपलेलं असतं आणि इचेव्हेरिया लांबुडकी व्हायला लागते. दिवाळीनंतर एकदा सुट्टीच्या दिवशी सकाळी, दुपारी आणि चार वाजता गॅलरीत ऊन कुठे पडतं ते बघा आणि कुंड्या त्याप्रमाणे हलवा. या एका फेरीने थंडीतले निम्मे प्रश्न सुटतात असं माझं ठाम मत आहे.

पानांसाठी लावलेली झाडं

अग्लोनिमा, डायफेनबेकिया, कॅलाथिया, क्रोटन, कोलियस, सिंगोनियम ही उष्ण, दमट जंगलांतली. त्यांना खरोखर थंडी बाधते, आणि त्यासाठी पाणी गोठावं लागत नाही. १२-१३ अंशांच्या रात्री सलग आल्या की अग्लोनिमाच्या पानांवर ते तेलकट काळपट डाग येतात. हिरव्या जातींपेक्षा लाल-गुलाबी जाती जास्त हळव्या. हा डाग बुरशीचा नसतो, त्यामुळे बुरशीनाशक फवारून उपयोग नाही. तो भरूनही येत नाही. पान अर्ध्याहून जास्त हिरवं असेल तर ठेवा, झाडाला तेवढंच अन्न मिळतं.

रात्री १५ अंशांच्या खाली जायला लागल्या की ही झाडं उघड्या गच्चीवरून हलवा. घराच्या आत न्यायलाच हवीत असं नाही. गॅलरीतली आतली भिंत, ज्यावर दुपारचं ऊन पडून गेलंय, ती रात्री ऊब सोडत राहते. डोक्यावर छत असलं की मोठा फरक पडतो, कारण निरभ्र रात्री उघड्या आकाशाखालची पानं हवेपेक्षाही गार होतात. गच्चीवरच ठेवायची असतील तर वर शेडनेट किंवा जुनी साडी ताणून बांधा. प्लास्टिक नको. ते पानांना चिकटतं, आत घाम धरतो आणि सकाळी काढायचं राहिलं तर झाड उकडतं.

नाशिककडचे द्राक्ष बागायतदार थंडीच्या लाटेत बागेत शेकोट्या पेटवतात आणि पहाटे ठिबकने पाणी सोडतात. ते ऐकून काही जण कुंड्यांनाही रात्री पाणी घालतात. शेतात खाली अख्खी जमीन आहे, ती दिवसाची ऊब धरून ठेवते आणि ओली जमीन जास्त धरते. आठ इंचांच्या कुंडीत ऊब साठवण्याइतकी मातीच नसते. तिथे फक्त ओल आणि गारठा राहतो.

पाणी कमी करा, पण सक्युलंटसारखं पूर्ण वाळवू नका. वरची दोन बोटं माती कोरडी झाली की थोडं पाणी. टाकीतलं सकाळी सातचं पाणी बर्फासारखं असतं, ते थेट नको. बादलीत भरून ठेवा, दहा-अकरा वाजता द्या, पानांवर न उडवता. आफ्रिकन व्हायोलेटच्या पानांवर पांढरट-पिवळी वर्तुळं दिसत असतील तर ती गार पाण्याच्या थेंबांचीच आहेत.

कॅलाथियाच्या कडा करपतात त्याला थंडीपेक्षा दुपारची कोरडी हवा आणि पाण्यातले क्षार कारणीभूत असतात. बोअरचं पाणी असेल तर त्याऐवजी क्षार काढलेलं, आरओचं शुद्ध पाणी द्या. आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी वाचवून कुंड्यांना घालण्याची चांगली सवय बऱ्याच घरांत आहे, पण त्यात क्षार एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला वापरा, कॅलाथियाला नको.

कॅलेडियमची पानं थंडीत पूर्ण जातात. कुंडी मेली समजून फेकू नका. मातीत कंद जिवंत असतो. पाणी बंद करून, कुंडीवर नाव लिहून कोपऱ्यात ठेवा, मार्चमध्ये कोंब दिसला की पाणी सुरू करा.

या सगळ्या झाडांना फेब्रुवारीपर्यंत खत नको. वाढ थांबलेली असताना घातलेलं खत मातीत क्षार होऊन साचतं आणि मुळं भाजतात. पिवळं पान दिसलं की खत, ही सवय सोडायला हवी.

दव, अवकाळी आणि पाहुणे

नोव्हेंबर-डिसेंबरातला अवकाळी पाऊस हे सक्युलंटवरचं खरं संकट. ढगाळ असताना रात्र उबदार असते, त्यामुळे धोका जाणवत नाही. आभाळ उघडलं की पारा एकदम उतरतो आणि माती तेव्हा चिंब असते. पावसाचा अंदाज दिसला की कुंड्या छपराखाली सरकवा. जमलं नाही तर कुंड्या आडव्या करून ठेवा, पाणी तरी साचणार नाही. इचेव्हेरियाच्या गुच्छात दव साचलं असेल तर सकाळी फुंकर मारून किंवा कापसाने टिपून काढा. पुसू मात्र नका. पानावरची पांढरी भुकटी तिचं उन्हापासूनचं संरक्षण आहे आणि एकदा पुसली की त्या पानावर पुन्हा येत नाही.

पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यात कापसासारखा दिसतो. मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणा, कानकोरण्याच्या कापसाने नेमका त्यावर टिपा, तीन-चार दिवसांनी पुन्हा. कडुनिंबाचं तेल सक्युलंटवर वापरू नका, पांढरी भुकटी जाते आणि उन्हात पान भाजतं. कुंडीला मुंग्या लागल्या असतील आणि झाड कारणाशिवाय खुरटलं असेल तर मुळांशी बघा. तिथेही पिठ्या असतो. मुळं पाण्याखाली धुवा, झाड चार दिवस वाळवा, नवं मिश्रण घ्या. क्रोटनच्या पानामागे बारीक जाळी आणि ठिपके असतील तर तो लाल कोळी, एक अगदी बारीक कीड. कोरड्या हवेत तो फोफावतो. सकाळी पानामागून जोरात पाण्याचा फवारा मारणं, हा पहिला आणि बहुधा पुरेसा उपाय.

कलांचोला भरपूर ऊन असूनही कळ्या येत नसतील तर रात्री त्याच्याजवळ जाऊन बघा. जिन्यातला किंवा गॅलरीतला दिवा रात्रभर जळत असेल, तर तेच कारण. कलांचोला कळी धरायला लांब, अखंड रात्र लागते, सहाएक आठवडे सलग. दिव्यापासून लांब, अंधाऱ्या बाजूला हलवा. पॉइनसेटियाचंही तसंच.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात पुण्यात रात्री हळूहळू उबदार होऊ लागतात. तेव्हा पानांच्या झाडांचं पाणी हळूहळू वाढवा आणि पहिलं खत द्या. सक्युलंटना शेडनेटखाली घ्यायची वेळही हीच, कारण मार्चचं ऊन त्यांना डिसेंबरच्या गारठ्यापेक्षा जास्त त्रास देतं. अडेनियमच्या टोकाला हिरवे ठिपके दिसले की छाटणी करा, काप पूर्ण वाळू द्या, आणि त्यानंतरच पहिलं भरपूर पाणी.